सर्व्हरवरच्या डिमनला नियम कसे लागले: सक्तीच्या प्रवेशनियंत्रणाची पार्श्वभूमी

सप्टेंबर २००२ मध्ये स्लॅपर नावाचा वर्म (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम) लिनक्सवरच्या अपाची वेब-सर्व्हरांमध्ये पसरला. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन-लायब्ररीतल्या बफर ओव्हरफ्लोतून, म्हणजे राखीव जागेत मावेल त्याहून जास्त डेटा कोंबता येण्याच्या त्रुटीतून, तो अपाचीच्या प्रक्रियेत शिरायचा, टीएमपी डिरेक्टरीत स्वतःचा सी भाषेतला सोर्स कोड ठेवायचा, तिथेच जीसीसी या कंपायलरने तो कंपाइल करायचा आणि इतर बाधित यंत्रांशी जोडला जायचा. या सगळ्याला रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी यूजरचे, अधिकार कुठेच लागले नाहीत. अपाची रीतसर, कमी अधिकारांच्या वेगळ्या यूजरखाली चालत होता. टीएमपीत लिहिणे आणि कंपायलर चालवणे या दोन्ही गोष्टी युनिक्सच्या नियमांनुसार त्या यूजरला मोकळ्याच होत्या.

वेब-पाने पाठवणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर कशाला लागतो, हे युनिक्सची जुनी परवानगी-व्यवस्था विचारत नाही. यूजर कोण, ग्रुप कोणता आणि फाइलवर कोणते बिट आहेत एवढेच ती पाहते. हा राहिलेला प्रश्न विचारणारी यंत्रणा म्हणजे सक्तीचे प्रवेशनियंत्रण, इंग्रजीत मॅन्डेटरी अ‍ॅक्सेस कंट्रोल. आज एखादा डिमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालून सेवा देणारा प्रोग्राम, बसवताना एसईलिनक्स किंवा अ‍ॅपआर्मर हे तिचे लिनक्सवरचे रूप आडवे येते आणि सीएचमॉड ७७७ करूनही, म्हणजे सर्वांना सगळ्या परवानग्या देऊनही, काम अडून राहते, तेव्हा आपण एका दीर्घ इतिहासाच्या ताज्या टोकाशी झगडत असतो. तो इतिहास माहीत असला की नोंदवहीतला (लॉगमधला) नकार उलगडायला सोपा जातो.

सुरुवात लष्करी गुप्ततेपासून झाली. अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ मध्ये दिलेल्या अहवालात ‘रेफरन्स मॉनिटर’ची कल्पना मांडली होती. प्रत्येक प्रवेश एकाच तपासनीसाकडून जावा, त्याला चुकवता येऊ नये, त्याच्यात ढवळाढवळ करता येऊ नये आणि तो पडताळून पाहता येईल इतका लहान असावा. पुढच्याच वर्षापासून मायटर संस्थेत डेव्हिड बेल आणि लिओनार्ड लापाडुला यांनी याला गणिती रूप दिले. गोपनीयतेच्या खालच्या पायरीवरच्याने वरचे वाचायचे नाही, वरच्याने खाली लिहायचे नाही. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘ऑरेंज बुक’ने १९८३ मध्ये, आणि १९८५ च्या सुधारित आवृत्तीत, हेच निकष म्हणून पक्के केले. फाइलचा मालक ज्याला हवी त्याला परवानगी देऊ शकतो ती ऐच्छिक पद्धत. मालकाची इच्छा असो वा नसो, व्यवस्थेने ठरवलेले लागू होते ती सक्तीची.

सक्ती का हवी, याचे उत्तर त्या काळीही स्पष्ट होते. मालक प्रामाणिक असला तरी त्याने चालवलेला प्रोग्राम प्रामाणिक असेलच असे नाही, आणि ऐच्छिक पद्धतीत प्रोग्रामला मालकाचे सगळे अधिकार आयते मिळतात. पण गोपनीयतेच्या पायऱ्या डिमनला लावून उपयोग नव्हता. नेमसर्व्हर ‘गुप्त’ आहे की ‘अतिगुप्त’, या प्रश्नाला काही अर्थच नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म फिंगर डिमनच्या बफर ओव्हरफ्लोतून आणि सेंडमेलच्या उघड्या राहिलेल्या डीबग सोयीतून पसरला, तेव्हा कुठलाही गोपनीय कागद धोक्यात नव्हता. जगाकडे तोंड करून बसलेला प्रोग्राम हातचा गेला, एवढेच झाले. प्रशासकांकडे तेव्हा सीएचरूट होते. १९७९ पासून युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत असलेले हे साधन डिमनला एका डिरेक्टरीत कोंडते खरे, पण आतली प्रक्रिया रूट असेल तर ती बाहेर येऊ शकते.

डिमनला उपयोगी पडेल अशी कल्पना १९८५ मध्ये आली, आणि या साऱ्या कथेत मला तीच सर्वांत मोलाची वाटते. अर्ल बोबर्ट आणि रिचर्ड केन यांनी गोपनीयतेची शिडी बाजूला ठेवून टाइप एन्फोर्समेंट मांडले. चालत्या प्रक्रियेला एक डोमेन द्यायचे, प्रत्येक वस्तूला एक टाइप द्यायचा, आणि कोणत्या डोमेनने कोणत्या टाइपवर काय करावे याचा एक तक्ता ठेवायचा. तक्त्यात नाही ते बंद. त्यामुळे अमुक माहिती अमुक प्रोग्राममधून गेल्याशिवाय पुढे सरकणारच नाही, अशी साखळीही बांधता आली. यात प्रश्न बदलला. माणसाची पायरी कोणती याऐवजी प्रोग्रामचे काम काय, हे विचारले जाऊ लागले.

ही कल्पना पुढे बरीच वर्षे संशोधनातच राहिली. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था एनएसए आणि सिक्युअर कॉम्प्युटिंग ही कंपनी यांनी माख या मायक्रोकर्नलवर (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ती अजमावली. मग युटा विद्यापीठाच्या साथीने फ्लास्क ही रचना तयार झाली. निर्णय करणारा भाग आणि तो अमलात आणणारा भाग वेगळे ठेवणे, हे फ्लास्कचे सार. पॉलिसी, म्हणजे नियमांचा संच, बदलली तरी कर्नलमधल्या तपासणीच्या जागा बदलाव्या लागत नाहीत. १९९८ मध्ये पीटर लॉस्कोको, स्टीफन स्मॉली आणि सहकाऱ्यांनी एका निबंधात ठामपणे मांडले की ऑपरेटिंग सिस्टिमच्या तळाशी सक्तीचे नियंत्रण नसेल, तर वर रचलेली सुरक्षा टिकणार नाही. २२ डिसेंबर २००० रोजी एनएसएने फ्लास्कची लिनक्सवरची आवृत्ती, एसईलिनक्स, खुली केली.

त्याच डिसेंबरमध्ये प्रशासकांच्या लिसा परिषदेत क्रिस्पिन कोवन आणि वायरएक्स कंपनीतील सहकाऱ्यांनी सबडोमेन मांडले. हेच पुढचे अ‍ॅपआर्मर. त्यांचा रोख सुरुवातीपासूनच सर्व्हरवर होता. फाइलींवर टाइपची लेबले नकोत, प्रोग्रामनिहाय एक साधी मजकूर-फाइल, आणि तिच्यात तो कोणत्या मार्गावरच्या फाइली वाचेल, लिहील, चालवेल याची यादी. एक वाट संशोधनातून आली, दुसरी रोजच्या प्रशासनातून, आणि दोघींच्या स्वभावातला हा फरक आजही दिसतो.

२००१ च्या कर्नल परिषदेत एनएसएने एसईलिनक्स मांडले, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एकच मॉडेल कर्नलमध्ये घ्यायला नकार दिला आणि सर्वांना जोडता येईल अशी सामाईक चौकट मागितली. त्यातून लिनक्स सिक्युरिटी मॉड्यूल्स, म्हणजे एलएसएम, उभे राहिले. स्मॉली आणि कोवन दोघेही त्यात होते. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलमध्ये एसईलिनक्स या चौकटीसह मुख्य प्रवाहात आले. तेव्हा झालेली एक निवड आजच्या कामाला थेट भिडते. आधी नेहमीच्या युनिक्स परवानग्या तपासल्या जातात, मग एलएसएमचे म्हणणे घेतले जाते. म्हणून एसईलिनक्स नवी मुभा देऊ शकत नाही, आहे ती फक्त आखडू शकते. आणि म्हणूनच, साध्या परवानगीवरच विनंती अडली तर ऑडिट लॉगमध्ये एव्हीसीचा, म्हणजे एसईलिनक्सचा, नकार उमटत नाही. लॉग कोरा असेल तर आधी मालकी आणि मोड बघावेत, पॉलिसी त्यानंतर. काही नकार पॉलिसीनेच मुद्दाम नोंदवायचे नाहीत असे ठरवलेले असतात, तेही ध्यानात ठेवावे.

मग २००४ साल आले, आणि डिमनच्या दृष्टीने निर्णायक वळण तिथे आहे. मे महिन्यातल्या फेडोरा कोअर २ या लिनक्स-वितरणामध्ये जी पॉलिसी होती तिला ‘स्ट्रिक्ट’ म्हणत. ती सगळ्या व्यवस्थेला, माणसांच्या लॉगिन सत्रांसकट, नियमांत बांधू पाहत होती. सर्वसाधारण यंत्रावर माणसे काय करतील ते आधी लिहून ठेवता येत नाही. इतक्या गोष्टी अडल्या की अंतिम आवृत्तीत एसईलिनक्स मुळातच बंद ठेवावे लागले. नोव्हेंबरमधल्या फेडोरा कोअर ३ ने दिशा बदलली. ‘टार्गेटेड’ पॉलिसीत जेमतेम डझनभर डिमन बंदिस्त केले: अपाची, नेमसर्व्हर, डीएचसीपी, एनटीपी, स्क्विड, एसएनएमपी, सिसलॉग अशी मंडळी. बाकी सारे ‘अनकन्फाइन्ड’ डोमेनमध्ये, म्हणजे जवळजवळ मोकळे. फेब्रुवारी २००५ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ४ मध्ये हीच पॉलिसी आपोआप चालू स्थितीत आली.

सक्तीच्या नियंत्रणाचा हा पराभव होता, असे कट्टर मंडळी म्हणत. मला ते पटत नाही. डिमन हा नियमांत बांधायला सर्वांत योग्य प्राणी आहे. त्याचे काम ठरलेले, फाइली ठरलेल्या, पोर्ट ठरलेले, आणि धोकाही सर्वाधिक त्यालाच, कारण अनोळखी माणसाचा डेटा आधी त्याच्याकडे येतो. जिथे नियम लिहिता येतो आणि जिथे तो लागतो, त्या दोन्ही जागा इथे जुळल्या.

आजच्या कॉन्फिगरेशनमधल्या बहुतेक अडचणी याच रचनेतून येतात. लेबल फाइलच्या विस्तारित गुणधर्मात साठवलेले असते आणि त्याच फाइलसिस्टिमवर एमव्ही कमांडने फाइल हलवली तर ते फाइलीबरोबर जाते. होम डिरेक्टरीतून वेब-सर्व्हरच्या जागी हलवलेले पान घरचेच लेबल घेऊन येते, आणि अपाची ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याची चूक, दाखवतो. मायएसक्यूएलचा डेटा नव्या डिस्कवर नेला की तिथल्या डिरेक्टरीला डेटाबेसचा टाइप नसतो. यावर उपाय दोन पायऱ्यांचा: सीमॅनेज कमांडने त्या मार्गाचे लेबल कायमचे नोंदवायचे, मग रिस्टोअरकॉनने ते प्रत्यक्ष लावायचे. नुसत्या सीएचकॉनने लावलेले लेबल पुढच्या रीलेबलमध्ये पुसले जाते. डिमनला वेगळा पोर्ट दिला असेल तर तो पोर्टही त्याच्या टाइपमध्ये नोंदवावा लागतो.

अ‍ॅपआर्मरमध्ये हाच डेटा हलवला की लेबलाचा प्रश्न येत नाही, मार्गाचा येतो. प्रोफाइलमध्ये नवा मार्ग लिहून ते पुन्हा लोड करायचे, की झाले. या साधेपणाला कर्नल-विकासकांचा कडवा विरोध झाला: एकाच फाइलला हार्डलिंकने दोन नावे असू शकतात, मग नावावर सुरक्षा कशी ठेवायची? आक्षेपात तथ्य होते. मे २००५ मध्ये नोव्हेलने वायरएक्स, म्हणजे तेव्हाची इम्युनिक्स, ही कंपनी घेतली, २००६ मध्ये कोड खुला केला आणि २००७ मध्ये त्यावर काम करणारा गट मोडला. पुढे कॅनॉनिकलने ते सांभाळले आणि ऑक्टोबर २०१० च्या २.६.३६ कर्नलमध्ये ते एकदाचे दाखल झाले. २०१९ मध्ये डेबियन १० ने ते मुळातच चालू ठेवले.

एसईलिनक्सच्या बाजूने जाच कमी व्हायला मॉड्यूलर पॉलिसी यावी लागली. त्याआधी बुलियन, म्हणजे पॉलिसीतल्या तयार चालू-बंद स्विचच्या, पलीकडचा बदल म्हणजे पॉलिसीचा सोर्स घेऊन सगळी पुन्हा कंपाइल करणे. २००६ च्या फेडोरा कोअर ५ पासून छोटे मॉड्यूल वेगळे लोड करता येऊ लागले. नंतर एकाच डोमेनला परमिसिव्ह (नकार फक्त नोंदवायचा, अडवायचे नाही) करण्याची सोय आली. नवा डिमन बसवताना सगळे यंत्र उघडे टाकायचे कारण तेव्हापासून उरलेले नाही: फक्त त्याचे डोमेन परमिसिव्ह ठेवा, त्याच्याकडून सगळी कामे एकदा करवून घ्या, नकार वाचा, मग नियम लागू करा.

वाचा हे मी मुद्दाम म्हणतो. ऑडिटटूअलाउ हे साधन लॉगमधल्या नकारांचे नियम आपोआप बनवते, आणि घाईत ते डोळे झाकून वापरले जाते. चूक लेबलाची असताना त्याने बनवलेला नियम वेब-सर्व्हरला घरगुती लेबल असलेल्या प्रत्येक फाइलीची दारे उघडून देतो. नकार दिसला की आधी लेबल, मग बुलियन, आणि दोन्हींनी भागले नाही तरच नवा नियम.