सेव्हन सस फोर कॉर्डची इन्व्हर्जन्स (गिटार)

डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्डमधला (सा, ग, प, कोमल नी) शुद्ध गंधार काढून त्या जागी शुद्ध मध्यम ठेवला की सेव्हन सस फोर (सस म्हणजे सस्पेंडेड, अधांतरी) कॉर्ड तयार होते. मूळ स्वराला षड्ज मानले तर तिचे स्वर सा, म, प आणि कोमल नी. गंधार नसल्याने ती मेजरही वाटत नाही, मायनरही नाही. सर्वांत खाली कोणता स्वर आहे त्यावरून इन्व्हर्जन ठरते: सा असेल तर मूळ स्थिती, म आला तर पहिले इन्व्हर्जन, प आला तर दुसरे, नी आला तर तिसरे.

ए सेव्हन सस फोर (ए, डी, ई, जी) गिटारच्या जुळणीतच दडलेली आहे. सहाव्या ते तिसऱ्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी अशा लागतात. त्या एकत्र छेडल्या की दुसरे इन्व्हर्जन वाजते. शेजारच्या दर दोन स्वरांत सा-मचे अंतर असल्यामुळे त्याचा नाद मोकळा आणि रुंद असतो. पाश्चात्त्य जुळणीतल्या व्हायोलिनच्या तारा, जी, डी, ए, ई, हे याच कॉर्डचे तिसरे इन्व्हर्जन.

चौथ्या ते पहिल्या तारेवर, त्याच क्रमाने, फ्रेट असे:

दुसरे इन्व्हर्जन: २-२-३-३
तिसरे: ५-७-५-५
मूळ स्थिती: ७-९-८-१०
पहिले: १२-१२-१०-१२

आकार पाठ करण्यापेक्षा प्रत्येकात मध्यम, म्हणजे डी, कुठल्या तारेवर आहे ते ओळखणे जास्त मोलाचे. वरच्या क्रमाने तो दुसऱ्या, तिसऱ्या, पहिल्या आणि चौथ्या तारेवर येतो. तेवढे एकच बोट एक फ्रेट मागे घेतले की गंधार लागतो आणि ए सेव्हन मिळते: २-२-३-३ चे २-२-२-३, ५-७-५-५ चे ५-६-५-५. तिथून डी मेजरवर उतरणे सहज होते. हा उतार चारही जागी कानात बसेपर्यंत सावकाश वाजवावा.

मध्यम उतरलाच पाहिजे असे मात्र नाही. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांच्या १९६५ च्या ‘मेडन व्हॉयेज’मध्ये सस कॉर्ड न सोडवता तशाच पुढे सरकतात, आणि तिथे त्यांचे अधांतर हेच सौंदर्य आहे.

एकट्या गिटारवर पहिले इन्व्हर्जन जपून वापरावे. खाली डी असल्याने कान त्यालाच षड्ज धरतो. तिसऱ्यातही जी मूळ स्वर भासू शकतो. साथीला बास गिटारवर ए धरलेला असेल, तर दोन्ही निर्धास्त वाजवता येतात.