पत्र्याखालचे 34 अंश

"त्यांना सवय असते हो उन्हाची", दर मे महिन्यात कुणीतरी झोपडपट्टीतल्या लोकांबद्दल हे वाक्य टाकतंच. म्हणून म्हटलं जरा फिजिक्स बघू.

सांताक्रूझच्या हवामान वेधशाळेचं 34 अंश हे सावलीतल्या, हवा खेळत्या पांढऱ्या पेटीतलं तापमान. गोवंडी-मानखुर्दच्या पत्र्याच्या खोलीला ते लागू नाही. भर दुपारी चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट ऊन पडतं, पत्रा पातळ, उष्णता साठवायला जागाच नाही, त्यामुळे तो बघता बघता 60 अंशांपर्यंत जातो आणि खालच्या बाजूने स्वतःच इन्फ्रारेड किरण सोडायला लागतो. आणि हे किरण वाढतात ते केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने! सेल्सिअसमध्ये 273 मिळवले की केल्विन: गार छताचे 30 अंश म्हणजे 303 केल्विन, तापल्या पत्र्याचे 60 म्हणजे 333. भागाकाराचा चौथा घात काढा, 1.46 येतं, म्हणजे जवळपास दीडपट. आदर्श काळा पदार्थ (म्हणजे जास्तीत जास्त किरण सोडणारा) धरला तर चौरस मीटरला 478 वॅटवरून 697. आपली 35 अंशाची कातडी टाकते साधारण 510, म्हणजे डोकं देतं कमी आणि घेतं जास्त. पंखा हे किरण अडवत नाही, फक्त घाम वाळवतो, आणि मुंबईच्या दमट हवेत तोही धड वाळत नाही.

अशा खोलीत बायका दिवसभर इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवत बसतात, पैसे डझनावर. हात मंदावला की कमाई गेली. पोटमाळ्यावर तर पत्रा जवळजवळ डोक्याला लागतो. रात्री पत्रा पटकन निवतो पण विटांच्या भिंती नाही, मग पुरुष गल्लीत झोपतात, बायकांना ती सोयही नाही.

लोक गप्प बसत नाहीत. पत्र्यावर ओली गोणपाटं, जुने फ्लेक्स, आतून थर्माकोल, चुना. ओल्या गोणपाटाचं शास्त्र पक्कं आहे, पण पाणी विकत घेणाऱ्याने ते छपरावर ओतायचं? (खिशात कांदा ठेवून मात्र काही होत नाही, तो भाजीत घाला.)

अहमदाबादेत मे 2010च्या लाटेत नेहमीपेक्षा 1344 मृत्यू जास्त झाले, 2013मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा आला, पुढे झोपड्यांची छपरं पांढरी करणंही सुरू झालं. त्याने घर थोडं निवतं, एसी होत नाही, जाहिराती काहीही म्हणोत. शिवाय धुळीने पांढरा रंग मळतो, चुना पावसात धुऊन जातो, आणि भाडेकरूने दरवर्षी मालकाच्या छपरावर खर्च का करावा?