जुन्या लष्करी रायफली घेण्यासाठी अमेरिकेतला संग्राहक परवाना : अर्ज आणि जाहिरातीतली फसगत

अमेरिकेत ५० वर्षांपेक्षा जुनी लष्करी रायफल दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून थेट घरच्या पत्त्यावर मागवायची असेल, तर एटीएफचा (बंदुकांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) टाइप ०३ परवाना लागतो. संग्राहक त्याला 'सी अँड आर' (क्युरिओ अँड रेलिक, म्हणजे जुन्या, संग्रहयोग्य वस्तू) म्हणतात. रायफल खरी आहे का, याची हमी मात्र हा परवाना देत नाही. जाहिराती नेमक्या त्याच गैरसमजावर चालतात.

वय किमान २१ हवे, आणि कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई झालेली नसावी. फॉर्म ७सीआर भरून ३० डॉलर शुल्कासह एटीएफला पाठवायचा आणि त्याची प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाला द्यायची. परवाना तीन वर्षे चालतो. तो आला की विक्रेत्याला सही केलेली प्रत पाठवावी लागते. खरेदीची नोंद खरेदीनंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवसाअखेर वहीत करायची, विक्रीची सात दिवसांत. वही कोरी राहिली तर नूतनीकरण दूरच, आहे तो परवानाही धोक्यात येतो. आणि हा परवाना संग्रहासाठी आहे. नफ्यासाठी घेऊन विकण्याचा धंदा त्यावर चालत नाही.

आता जाहिरातीकडे. 'सी अँड आर पात्र' हे शब्द विक्रेत्याचे असतात, एटीएफचे नव्हे. रायफल मूळ स्वरूपात हवी. लाकडी दस्ता कापून, नळी बदलून शिकारीसाठी घडवलेली जुनी माउझर (जर्मन बनावटीची रायफल) ५० वर्षांची असली तरी सहसा पात्र ठरत नाही.

'अँटिक' शब्दाची गोष्ट त्याहून बेरकी. कायद्याने अँटिक म्हणजे १८९८ किंवा त्याआधी बनलेली. 'गेवेअर ९८' या जर्मन रायफलीच्या नावातला आकडा मॉडेलचा आहे. रायफल १९१६ ची असू शकते. उलट फिनिश एम३९ रायफलीच्या नळीवर १९४२ असले तरी तिचा रिसिव्हर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मुख्य सांगाडा) १८९८ किंवा त्याआधीचा असेल तर ती अँटिकच! म्हणून रिसिव्हरच्या टँगवरच्या (मागच्या शेपटासारख्या भागावरच्या) तारखेचा फोटो मागा. ती खूण लाकडाखाली दडलेली असते, विक्रेत्याला रायफल खोलावी लागेल. कुरकुर केली तर समजून जा.

'सर्व क्रमांक जुळणारे' हा दावाही तपासावा. सोव्हिएत शस्त्रागारांनी ताब्यात घेतलेल्या जर्मन के९८के रायफली पुन्हा जोडताना बोल्टवर (काडतूस नळीत बसवणाऱ्या सरकत्या भागावर) विद्युत-पेन्सिलीने नवे क्रमांक कोरले. आकडे जुळतात, पण मूळचे नाहीत, आणि किंमत त्यानेच पडते. मूळ क्रमांक ठशाने उमटवलेले असतात.

'सैनिकाने युद्धातून आणलेली' असे लिहिले असेल तर नळीवर आयातदाराचे नाव आणि शहर कोरलेले आहे का ते पाहा. असेल, तर ती १९६८ नंतर व्यापारी मालातून आली, कोणाच्या सामानातून नव्हे.

फसलात तर जाहिरातीची छायाप्रत जपा, राज्याच्या महाधिवक्त्याकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे (ग्राहकांची फसवणूक पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे) तक्रार करा. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असल्यास पहिल्या बिलापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवा.