इंडेक्स आहे, मग डेटाबेस तो वापरत का नाही?

‘इंडेक्स लावला की क्वेरी पळते’ ही सॉफ्टवेअरवाल्यांची लाडकी समजूत. (क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, इंडेक्स म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी डेटाची सूची.) मग कधीतरी नकाशाची एखादी क्वेरी रखडते. एक्सप्लेन ही डेटाबेसचा मार्ग दाखवणारी आज्ञा चालवून बघावं तर उत्तर येतं ‘सीक्वेन्शियल स्कॅन’. म्हणजे इंडेक्स जागेवर आहे, पण डेटाबेसने त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता सगळा टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला.

हा निर्णय घेतो क्वेरी प्लॅनर. प्रत्येक मार्गाचा अंदाजे खर्च काढायचा आणि स्वस्त मार्ग धरायचा, ही पद्धत आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडली. नकाशावरच्या जागांच्या डेटासाठी लागणारा आर-ट्री हा इंडेक्स अँटोनिन गटमन यांनी १९८४ साली आणला. त्यात आकृती नसतात, आकृतीभोवतीच्या चौकटी असतात. पुणे जिल्ह्याच्या चौकटीत साताऱ्याचा आणि अहिल्यानगरचाही तुकडा येतोच. त्यामुळे इंडेक्स फक्त उमेदवार सुचवतो, खरी सीमा नंतर तपासावी लागते.

आता पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि नकाशांच्या डेटासाठी त्यावर बसवायची जोड पोस्टजीआयएस घेऊ. अ‍ॅनालाइझ ही टेबलाची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा चालवली की नेहमीच्या सेटिंगला टेबलातल्या सुमारे ३०,००० ओळींचा नमुना घेतला जातो. पोस्टजीआयएस त्यावरून नकाशावर जाळी टाकून कुठल्या घरात किती चौकटी पडतात ते नोंदवून ठेवतं. तुमची खिडकी, म्हणजे क्वेरीत मागितलेला नकाशाचा तुकडा, मुंबईवर असेल तर ओळी भरपूर येणार, गडचिरोलीच्या जंगलावर असेल तर मोजक्या, हे प्लॅनरला त्या जाळीतून कळतं. खिडकीत निम्मा टेबल येणार असेल तर इंडेक्सची वाट सहसा महागच पडते.

कारण दर ठरलेले आहेत. ८ केबीचं एक पान ओळीने वाचलं तर खर्च १, मधूनच उडी मारून वाचलं तर ४, एक ओळ हाताळायला ०.०१, एक साधी तुलना ०.००२५. हे रुपये नव्हेत की मिलिसेकंदही नव्हेत, नुसती तुलनेची एककं. उडीचा ४ हा दर फिरत्या तबकडीच्या डिस्कच्या काळातला, म्हणून एसएसडीवर लोक तो १.१ करतात. (तोच आकडा इंटरनेटवरून उचलून ताईतासारखा प्रत्येक सर्व्हरला बांधणारेही आहेत. आपली डिस्क कुठली, हे तरी आधी पाहावं.)

माझं आवडतं उदाहरण पोस्टजीआयएसच्या मार्गदर्शिकेतलं आहे. युरोपातल्या देशांच्या बारीक तपशिलाच्या सीमा ठेवाव्यात तसा एक टेबल: ओळी ८०, पानं ३. हिशेब करून बघा. सगळा टेबल वाचायला ३, ओळींचे ०.८, चौकटींच्या तुलनेचे ०.२, एकूण ४. इंडेक्सने जायचं तर इंडेक्सच्या पानाला एक उडी आणि टेबलाच्या पानाला एक, इथेच ८ झाले. प्लॅनर डोळे झाकून पहिला मार्ग घेणार.

गोम पुढे आहे. साधारण २ केबीच्या वरची ओळ पोस्टग्रेस मुख्य टेबलात सामावून घेत नाही. तिच्यातला जड भाग ‘टोस्ट’ नावाच्या जोडटेबलात जातो. या उदाहरणात त्या टोस्टची पानं होती ८,२२५! नुसती चौकट तपासायलाही प्रत्येक देशाची अख्खी किनारपट्टी तिथून उचलून आणावी लागत होती, आणि ४ च्या हिशेबात त्यातलं काहीच धरलेलं नव्हतं. इंडेक्समध्ये मात्र चौकटी आयत्या असतात, त्यामुळे जुळणाऱ्या देशापुरतंच टोस्ट उघडावं लागलं असतं.

उपाय म्हणून मार्गदर्शिका चौकटींचा वेगळा कॉलम ठेवायला सुचवते. पुढे पॉल रॅमसे या पोस्टजीआयएसच्याच जुन्या शिलेदाराने पोस्टग्रेसमध्ये सुधारणा केली. आवृत्ती १२ पासून दाबून ठेवलेल्या डेटाचा फक्त सुरुवातीचा तुकडा उलगडता येतो, आणि चौकट नेमकी त्या सुरुवातीलाच असते. शिवाय पोस्टजीआयएस ३ मध्ये एसटी_इंटरसेक्ट्ससारख्या (दोन आकृती एकमेकींना भिडतात का ते तपासणाऱ्या) फंक्शनांवर ‘महाग’ असा शिक्काच मारला आहे. त्यामुळे दर ओळीचा भाव वाढतो आणि प्लॅनर इंडेक्सकडे झुकतो. नुसत्या चौकटींची तुलना करणाऱ्या क्वेरीला मात्र तो शिक्का लागू नाही, तिथे हिशेब अजूनही ४ विरुद्ध ८ असाच सुटतो.