पार्श्वभूमी : संभाजीनगरच्या भिंती बोलू लागल्या त्याआधी

छत्रपती संभाजीनगरात पायी फिरणाऱ्याला आता उड्डाणपुलांच्या खांबांवर आणि सरकारी कंपाउंडांवर अजिंठ्याचा पद्मपाणी, पैठणीतला मोर, बीबी का मकबरा भेटतात. यातली बरीच चित्रं २०२३ च्या सुमाराची. जी-२० च्या निमित्ताने डब्ल्यू-२० ची, म्हणजे त्यातल्या महिलांच्या गटाची बैठक २७ आणि २८ फेब्रुवारीला इथे झाली, तेव्हा शहराला रंग लागला.

या चित्रांचं नातं थेट अजिंठ्याशी जोडलं जातं. विषयांपुरतं ते खरंच आहे. पण मला वाटतं, या भिंतींचा सख्खा पूर्वज पेंटर आहे. बियाण्यांची, विड्यांची जाहिरात, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, निवडणुकीचं चिन्ह हे सगळं गावोगाव त्यानेच रंगवलं. आधी चुन्याचा हात द्यायचा, दोरी मारून ओळी आखायच्या आणि मग गेरू, नीळ, काजळी. रंग धरून ठेवायला डिंक किंवा सरस. अजिंठ्याच्या चित्रकारांकडेही गेरू, काजळी आणि चुना होताच. निळ्यासाठी मात्र त्यांनी दूरवरून आलेला लाजवर्द हा निळा दगड वापरला. निजामी राजवटीत कारभार उर्दूत चाले, त्यामुळे जुन्या शहरात उर्दू आणि देवनागरी दोन्ही सफाईने लिहिणारे हातही होते. त्यांच्या अक्षरांचं वळण कुणी जपून ठेवलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मराठवाड्यात भिंत ही मागणी मांडायचीही जागा होती. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं ‘नामांतर झालेच पाहिजे’ ही घोषणा गाजत राहिली. वस्त्यांमधल्या निळ्या भिंती, अशोकचक्र, बाबासाहेबांचं चित्र यांना कुठल्याही योजनेचा निधी नव्हता. शहरातलं खरं लोकांचं भित्तिचित्र मी त्यालाच म्हणेन.

पुढे दोन गोष्टी लागोपाठ आल्या. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा राज्याचा कायदा १९९५ चा. नंतर फ्लेक्स आला आणि पेंटरचं पोटच गेलं. हाताने आठवडाभर चालणारं काम यंत्रातून तासाभरात बाहेर पडू लागलं.

भिंतींकडे पुन्हा लक्ष गेलं ते २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानानंतर. शहरांची स्वच्छतेत क्रमवारी लागू लागली, सुशोभीकरणाला पैसा मिळू लागला. कचऱ्याचा कोपरा रंगवला की तिथे कचरा टाकताना माणूस कचरतो, हा त्यामागचा साधा हिशेब. पण गुहेच्या अंधारात दीड-दोन हजार वर्षं टिकलेल्या चित्रांना आपल्या उन्हाशी झगडावं लागलं नव्हतं. इथे चाळिशीपार पारा, वर पाऊस आणि सिमेंटमधून फुटणारे क्षार. खाली नीट अस्तर न देता मारलेला रंग पोपडे धरतो, म्हणून या चित्रांच्या खर्चात पहिल्या दिवसापासून डागडुजीची तरतूद हवी आणि चित्राखाली रंगवणाऱ्याचं नावही.