पार्श्वभूमी : मालिकेचा मालक असलेला निर्माता कंत्राटदार कसा झाला

नाशिकमध्ये वाड्यापुढे जनरेटरची गाडी लागली की शूटिंग आल्याचं गल्लीला कळतं. निर्माता म्हणजे पैसे लावणारा आणि म्हणून मालिकेचा मालक, अशी आपली समजूत असते. आज यातलं पहिलं खरं आहे, दुसरं बहुतेक वेळा नाही.

पैसा आणि मालकी यांतला हा ताण याच शहराने फार पूर्वी पाहिला आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१८मध्ये मुंबईच्या भांडवलदारांना भागीदार घेऊन नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. भागीदारांशी खटके उडाले आणि चित्रपट बनवणाराच कंपनी सोडून काशीला गेला. पुढे ते परतले, पण तिजोरीची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न धंद्यात कायमचा राहिला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. १९८४च्या 'हम लोग'नंतर प्रायोजित मालिकांची पद्धत रुजली. निर्माता स्वतःच्या पैशाने मालिका बनवायचा, दूरदर्शनला प्रक्षेपण शुल्क भरायचा आणि बदल्यात मिळालेले जाहिरातीचे सेकंद बाजारात विकायचा. मंजुरी साधारण १३ भागांची. सेकंद विकले गेले नाहीत तर घरचे दागिने गहाण. जोखीम पूर्ण त्याची, पण मालिकाही त्याची.

१९९९मध्ये अल्फा मराठी आणि २०००मध्ये ई टीव्ही मराठी या खासगी वाहिन्या आल्या आणि हिशेब उलटला. वाहिनी भागामागे ठरलेला दर देते, जाहिरात ती विकते, हक्कही तिच्याकडे जातात. मालिका वर्षांनी पुन्हा दाखवली तरी करारात लिहून घेतलेलं नसेल तर निर्मात्याला काही मिळत नाही. 'चार दिवस सासूचे'सारख्या मालिकांनी हजारो भागांचा पल्ला गाठला, तेव्हा रोजच्या मालिकेचा कारखाना पक्का झाला.

गोम इथे आहे. आठवड्याला सहा म्हणजे महिन्याला साधारण २६ भाग, प्रत्येकात जाहिराती वगळून २२ मिनिटांच्या आसपास. बिल ९० दिवसांनी सुटत असेल तर ७८ भागांचा खर्च निर्मात्याच्या खिशातून आधीच गेलेला असतो. स्पॉटदादा, जेवण, डिझेल हे रोखीचं, त्याला उधारी चालत नाही. चांगली टीआरपी असलेल्या मालिकेचे निर्मातेही व्याजापायी बुडतात ते यामुळेच.

दुसरा खड्डा बँकेचा, म्हणजे तयार ठेवलेल्या भागांचा. मालिका सुरू होताना दहा-बारा भाग हाताशी असतात. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, वाहिनी ट्रॅक म्हणजे कथेचा धागा बदलायला सांगते, शूट झालेले सीन वाया जातात. त्यात नायिका आजारी पडली की बँक शून्यावर. मग दोन युनिटं लावावी लागतात : कॅमेरे, लाइट, जेवण सगळं दुप्पट, दर मात्र तोच. वाहिनीने बदलायला लावलेल्या सीनचा खर्च कोणाचा, हे कलम करारात आधीच हवं. नवे निर्माते नेमकं हेच वाचत नाहीत.

नाशिकच्या मुलांना या धंद्यात शिरायची खरी वाट प्रॉडक्शनमधून आहे. व्हाउचर सांभाळणारा असिस्टंट, मग प्रॉडक्शन मॅनेजर, कंट्रोलर, लाइन प्रोड्युसर म्हणजे शूटिंगचा रोजचा खर्च आणि व्यवस्था बघणारा. पोलीस आणि महापालिकेची परवानगी, साठ-सत्तर माणसांची राहण्याची सोय, घरमालकाशी करार, हे इथल्याच माणसाला जमतं. करारात भिंतीचा रंग आणि फर्निचर मालिका संपेपर्यंत बदलायचं नाही, हे लिहून घ्यावं. मालकाने मध्येच दार रंगवलं तर आठवड्यापूर्वीचा अर्धा सीन जुळत नाही. पंचवटीत गणपतीच्या दिवसांत संवादांचे सीन लावू नयेत. ढोलाचा आवाज माईकमध्ये शिरतो, मग डबिंगचा खर्च वाढतो. सिंहस्थात तर लॉजच्या खोल्याही मिळायच्या नाहीत.

द्राक्षबागेचं दृश्य हवं असेल तर छाटणीचं वेळापत्रक आधी बघा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी घड काढणीला येतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तीच बाग बोडकी दिसते. नायक-नायिका फेब्रुवारीत घडांखाली भेटले आणि त्याच संध्याकाळचा उरलेला सीन एप्रिलअखेर लावला, तर कंटिन्युइटीचे, म्हणजे आधीचा सीन जुळवण्यासाठी काढलेले फोटो कितीही नीट ठेवलेले असोत, ती बाग परत मिळत नाही. असे सीन एकाच दिवशी, ओळीने उरकावेत.