गिलक्याला नजर आणि जास्वंदाची तीन रोपं

आमच्या जळगावातल्या शेजारच्या काकूंच्या गिलक्याला यंदा फुलं चिक्कार, पण बोटाएवढी गिलकी पिवळी पडून गळायची. नजर लागली म्हणून मांडवाला जुनी चप्पल टांगून झाली. मग कुणीतरी सांगितलं, मधमाश्या येत नाहीत, भडक लाल फुलं लावा. काकूंनी जास्वंदाची तीन रोपं आणली. निदान बरोबर, औषध चुकीचं.

गिलक्याची नर आणि मादी फुलं वेगळी. पराग पोचला नाही तर फळ धरत नाही, एवढं शाळेत झालंय. गंमत पुढे आहे: लाल रंग मधमाशीला जवळपास काळाच दिसतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकचे नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस ठासून सांगत, मधमाश्या रंगांधळ्या. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना ते पटेना. त्यांनी राखाडीच्या फिक्या-गडद छटांची कार्डं मांडली, त्यांत एकच निळं आणि त्यावर साखरपाण्याची वाटी. माश्या सरावल्यावर कार्डांच्या जागा बदलल्या, वाटी रिकामी ठेवली. तरी माश्या निळ्यावरच! नुसता उजेड-अंधार कळत असता, तर तेवढ्याच उजळ राखाडीवर त्या हमखास फसल्या असत्या. लाल कार्डाच्या वेळी मात्र फसल्याच. लाल सोडून काळ्यावरही जाऊन बसल्या. हे १९१४ साली छापून आलं. नोबेलला १९७३ उजाडलं.

आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी, माशीच्याही तीनच. पण तिच्या पेशी सुमारे ३४४, ४३६ आणि ५४४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक जाग्या होतात, म्हणजे अतिनील, निळा, हिरवा. अख्खा संचच आखूड तरंगलांबीकडे सरकलेला. साडेसहाशेच्या पुढे, म्हणजे आपल्या लालात, अंधार, त्या बदल्यात आपल्याला न दिसणारं अतिनील. सूर्यफुलाची पाकळी आपल्याला सबंध पिवळी दिसते. प्रत्यक्षात तिचं टोक अतिनील परतवतं आणि बूड ते शोषून घेतं. म्हणून माशीला फुलाच्या मध्याभोवती गडद कडं दिसतं. नेम धरायला सोयीचं.

मग लाल जास्वंद कुणासाठी? शिंजीरसाठी. पक्ष्यांना लाल उत्तम दिसतो. माश्यांसाठी जांभळं, निळं, पिवळं लावा: वांगं, सब्जा, सूर्यफूल. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची घाई नको; सकाळी आठला वाकून बघा, नखाएवढ्या फुलोरी माश्या एकेका फुलात तोंड खुपसून असतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, ते पतंगांचं खातं. दसऱ्याचा गच्च गोंड्याचा झेंडू तोरणाला छान. त्यात माशीला फारसं काही सापडत नाही. आणि कुठल्या दिशेला कुठल्या रंगाचं फूल हे वास्तुवाल्यांनी सांगू नये, माशी होकायंत्र घेऊन फुलं निवडत नाही.

माश्या रुळेपर्यंत काकूंना हातानं परागण शिकवलं: सकाळी लवकर ताजं नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, परागाचा पिवळा गोंडा मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवायचा. मादी फूल ओळखायला सोपं, मागे इवलंसं गिलकं असतं. आठवड्यात चार धरली. जास्वंदावर शिंजीरची जोडी येऊ लागलीय.

चप्पल काढा म्हटलं तर काकू म्हणाल्या, “राहू दे ना, खायला मागते का ती?”